ड्रायव्हर गेला तरी गाडी रस्त्यावरच असणार

दर चार-पाच वर्षांनी शहरातल्या ट्रॅफिकवर कायमचा इलाज सापडल्याची बातमी येते. २०१३ मध्ये हायपरलूप आला, म्हणजे कागदावर आला, नळीतून माणसं सुसाट जाणार वगैरे, आणि त्या कल्पनेवर पैसा उभा करणारी सगळ्यात गाजलेली कंपनी २०२३ च्या शेवटी गाशा गुंडाळून मोकळी झाली. मधल्या काळात लास वेगासला जमिनीखाली बोगदा खोदला, २०२१ मध्ये सुरू केला, आणि त्यातून काय धावतं तर कार. साध्या चार चाकी कार, आणि चालवायला ड्रायव्हर. उडत्या टॅक्स्या तर कधीपासून पुढच्या वर्षी येतायत. आता ही सगळी मंडळी फसवीच आहेत असं मी म्हणत नाहीये, त्यांचे इंजिनिअर हुशार असतात, मेहनत खरी असते, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतायत तो प्रश्न शहराचा नाहीच मुळी. त्यांना वाहन जास्त वेगवान, जास्त शहाणं करायचंय, आणि शहराची अडचण अशी की रस्त्याची रुंदी ठरलेली आहे, दोन्ही बाजूंना बिल्डिंगा उभ्या आहेत, आणि सकाळी नऊ वाजता सगळ्यांना एकाच दिशेला जायचंय.

म्हणून कुठलंही नवं वाहन आलं की मला दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतात. एका माणसाला न्यायला हे रस्त्याचा केवढा तुकडा खातं? आणि आत कोणी नसताना केवढा खातं? बॅटरी किती चालते, सेन्सर किती आहेत, सीट मसाज देते का, ते नंतर बघू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तसं जुनंच आहे. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची नॅक्टो नावाची संघटना आहे, त्यांच्या रस्ते डिझाइनच्या गाईडमध्ये हा हिशोब दिलाय. साधारण तीन मीटर रुंदीची एक लेन गर्दीच्या तासाला फक्त खाजगी गाड्यांसाठी ठेवली तर ६०० ते १६०० माणसं पुढे जातात. तीच लेन बसला राखून दिली तर ४००० ते ८०००. सुरक्षित सायकल ट्रॅक केला तर ७५०० पर्यंत, आणि नुसता फुटपाथ केला तरी ९००० पर्यंत. परत वाचा, फुटपाथ. डांबर तेच, जागा तीच, आणि माणसांचा आकडा पाच-दहा पटींनी बदलतो, त्यात कुठेही नवा शोध लागलेला नाही. आता यात पेट्रोलच्या गाड्या काढून इलेक्ट्रिक टाका, धूर जाईल, आवाज कमी होईल, ते चांगलंच आहे, पण १६०० चे १६०१ होणार नाहीत. इलेक्ट्रिक गाड्यांचा जॅम हा स्वच्छ जॅम असतो इतकंच. आणि तरी कित्येक शहरांनी इलेक्ट्रिक कारला बस लेनमध्ये घुसायची परवानगी दिली, लंडनने गर्दीच्या भागात शिरायची फी त्यांना कितीतरी वर्षं माफ केली, म्हणजे हवेचा प्रश्न सोडवताना जागेचा प्रश्न आणखी बिघडवायची सोय करून ठेवली. नंतर ते मागे घेताना गाडीवाले चिडतात ते वेगळंच.

अ‍ॅप कॅबचं प्रकरण जरा नीट बघायला हवं, कारण तिथे आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे आणि तो बऱ्यापैकी चांगला आहे. गाडी कुठे आहे ते मॅपवर दिसतं, भाडं आधी कळतं, रात्री उशिरा घरी जायचं असेल, सोबत म्हातारं माणूस असेल, तर ही सोय खरंच मोठी आहे आणि ती आधीच्या टॅक्सी व्यवस्थेने वर्षानुवर्षं दिली नव्हती हेही कबूल करायला हवं. सुरुवातीला असंही सांगितलं गेलं की याने रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, लोक कार विकून टाकतील, एका कॅबमध्ये तिघं चौघं शेअर करतील. झालं काय? सॅन फ्रान्सिस्को म्हणजे या धंद्याचं माहेरघर, तिथल्या काउंटी वाहतूक प्राधिकरणाने २०१८ मध्ये २०१० ते २०१६ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात निघालं की या वर्षांत कोंडी जेवढी वाढली त्यातली साधारण निम्मी वाढ या अ‍ॅप गाड्यांमुळे होती. बाकीची निम्मी लोकसंख्या वाढली, नोकऱ्या वाढल्या त्यामुळे. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाहीये खरंतर. एक माणूस सोडला की पुढचा मिळेपर्यंत गाडी रिकामी फिरते, आणि ती फिरते कुठे तर जिथे गिऱ्हाईक मिळायची शक्यता जास्त तिथे, म्हणजे आधीच गर्दी असलेल्या भागात. स्वतःच्या कारने गेलो असतो तर निदान ती गाडी मला घेऊनच धावली असती आणि मग कुठेतरी जाऊन उभी राहिली असती.

आणि या कॅबमध्ये बसणारा माणूस येतो कुठून? त्याच सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत विचारून बघितलं होतं, तेव्हा ४९ ते ६१ टक्के ट्रिपा अशा निघाल्या की ही सोय नसती तर ती माणसं चालत, सायकलने किंवा बस-ट्रेनने गेली असती, नाहीतर गेलीच नसती. कंपन्यांनाही हे माहीत नव्हतं असं नाही, उबर २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरली तेव्हा आपला धंदा किती वाढू शकतो हे सांगताना तिने सार्वजनिक वाहतुकीतला प्रवाससुद्धा त्या हिशोबात धरला होता. धंदेवाल्याने तसं करण्यात मला चूक वाटत नाही, ते त्यांचं काम आहे. मला राग येतो तो शहराच्या कारभाऱ्यांचा, जे याच कंपन्यांना सार्वजनिक वाहतुकीचा जोडीदार म्हणून स्टेजवर बसवतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडात आहे, ऑन्टॅरिओ प्रांतातलं इनिसफिल नावाचं छोटं शहर. त्यांच्याकडे बस नव्हतीच. २०१७ मध्ये विचार सुरू झाला की बस सुरू करावी का, तर कोणीतरी हिशोब मांडला की बस घ्यायची, ड्रायव्हर ठेवायचा, रिकाम्या फेऱ्या मारायच्या, त्यापेक्षा लोकांच्या कॅबच्या भाड्यात आपणच थोडी सबसिडी घातली तर स्वस्त पडेल. जगभर कौतुक झालं, भविष्य आलं वगैरे. आणि योजना यशस्वी झाली, हीच तर अडचण झाली. लोक वापरायला लागले, प्रत्येक ट्रिपमागे शहराच्या तिजोरीतून पैसे जात होते, जितक्या ट्रिपा तितका खर्च, त्यामुळे २०१९ मध्ये भाडं वाढवावं लागलं आणि माणशी महिन्याला ३० ट्रिपांची मर्यादा घालावी लागली. महिन्याला ३० म्हणजे रोज जाऊन येऊन ऑफिस करणाऱ्याचा कोटा कामाच्या पंधरा दिवसांतच संपला. जरा विचार करा, सार्वजनिक वाहतूक लोकांनी जास्त वापरू नये म्हणून मर्यादा! बसचं गणित बरोबर याच्या उलट असतं. पाच माणसांना घेऊन जाणारी बस तोट्यात असते, पण सहावा, सातवा, तिसावा माणूस चढला तर खर्चात जवळजवळ काहीच वाढत नाही, उलट माणशी खर्च उतरत जातो आणि मग फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की आणखी माणसं येतात. कॅबला हे गणित कधीच लागू होत नाही कारण तिसाव्या माणसाला तिसावी गाडी लागते. विरळ वस्तीत, रात्री दोन वाजता, अपंग व्यक्तीला दारातून न्यायला, तिथे सबसिडीवाली कॅब बसपेक्षा बरी असेलही, मी ते नाकारत नाही. पण जिथे माणसं दाटीने राहतात तिथे तिला बसची जागा देणं म्हणजे यशाबरोबर तोटा वाढवत नेणं.

आता ड्रायव्हर नसलेली गाडी. ही हायपरलूपसारखी कागदावर नाहीये, वेमोच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या २०२० पासून फीनिक्स भागात सर्वसामान्य लोकांना घेऊन फिरतायत, नंतर सॅन फ्रान्सिस्कोत आणि इतर शहरांत गेल्या. क्रूझ नावाच्या दुसऱ्या कंपनीचं २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका अपघातानंतर लायसन्स निलंबित झालं आणि पुढच्या वर्षी तिच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, त्या टॅक्सी धंद्यात पैसे घालणंच थांबवलं. त्यामुळे सुरक्षिततेवर भरपूर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण समजा उद्या या गाड्या माणसापेक्षा शंभर टक्के सुरक्षित झाल्या, मग काय? मला तिथून पुढची काळजी आहे, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मजेदार प्रयोग आहे. संशोधकांना बघायचं होतं की स्वतः चालणारी कार घरात आली तर लोक कसे वागतील, पण तशी कार तर विकत मिळत नव्हती, म्हणून त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या १३ जणांना काही काळ फुकट शोफर दिला. तुमचीच गाडी, चालवणारा आमचा, हवं तिथे पाठवा. निकाल असा की गाड्यांचा एकूण प्रवास ८३ टक्क्यांनी वाढला. लोक लांब लांब जायला लागले, संध्याकाळी जास्त बाहेर पडायला लागले, म्हातारी माणसं तर बरीच जास्त फिरली, जे खरंतर छान आहे. पण त्यात बऱ्याच फेऱ्या अशाही होत्या की मालक घरात आणि गाडी कोणालातरी आणायला, काहीतरी घ्यायला एकटीच बाहेर. १३ माणसांचा प्रयोग, त्यावरून सगळ्या जगाचा आकडा काढू नये हे खरं, पण दिशा कुठली ते कळायला पुरेसा आहे. आजपर्यंत गाडी चालवण्याचा कंटाळा हा एक मोठा ब्रेक होता. ट्रॅफिकमध्ये दीड तास बसायचं म्हणून माणूस ट्रेन धरायचा, जवळ घर बघायचा, जाणंच टाळायचा. तो दीड तास मागच्या सीटवर झोपून किंवा सिरीयल बघत जाणार असेल तर कोण टाळेल? आणि पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा गाडीला गोल गोल फिरत ठेवणं स्वस्त पडलं तर लोक तेच करणार, मीही करेन, तुम्हीही कराल.

गंमत अशी की नेमकं हेच तंत्रज्ञान, ड्रायव्हरशिवाय चालणं, रुळांवर गेलं की शहराच्या कामी येतं. पॅरिसची मेट्रो लाइन १ ही १९०० सालची, शहरातली सगळ्यात जुनी, भयंकर गर्दीची, आणि ती फार मोठा खंड न पाडता २०१२ पर्यंत पूर्ण स्वयंचलित करून दाखवली. फायदा काय झाला, तर दोन गाड्यांमधलं अंतर १०५ सेकंदांवरून ८५ सेकंदांवर आणता आलं, आणि अचानक गर्दी झाली, मॅच सुटली, कार्यक्रम संपला, तर ड्रायव्हरची ड्युटी न बघता जास्तीच्या गाड्या सोडता येतात. कोपनहेगनची मेट्रो तर २००२ पासून पहिल्याच दिवसापासून बिनड्रायव्हरची आहे आणि रात्रभर चालते. कोबे, लील, व्हँकुव्हर, या शहरांत हे १९८० च्या दशकातच झालंय. पण कोणी त्याला क्रांती म्हणत नाही, कारण त्यात सेल्फी काढावी असं काही नाही, फक्त गाडी लवकर येते.

माझं मत विचाराल तर शहराचा प्रवास खऱ्या अर्थाने बदलला तो अशाच कंटाळवाण्या गोष्टींनी. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस आपल्या १६ हजारांवर बस इलेक्ट्रिक केल्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि तिथे इलेक्ट्रिकचा फायदा दुप्पट आहे कारण बस दिवसभर धावते, कार दिवसभर उभी असते. हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ चं, लंडनचं ऑयस्टर २००३ चं. कार्ड टेकवायचं आणि चढायचं, याचा परिणाम फक्त सुट्ट्या पैशांवर होत नाही, प्रत्येक स्टॉपवर बस कमी वेळ थांबते आणि तेवढ्याच बसमध्ये जास्त फेऱ्या होतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने गुगलबरोबर बसून टाइमटेबल लिहायची एक साधी टेक्स्ट फाइलची पद्धत ठरवली, तीच आज जगभर चालते, मॅपमध्ये बस कधी येणार ते दिसतं ते बऱ्याच अंशी त्या फाइलींमुळे. कोलंबियातल्या मेडेलिनमध्ये २००४ साली डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबल कार नेली आणि ती मेट्रोला जोडली, पर्यटकांसाठी नाही, कामाला जाणाऱ्यांसाठी. झुरिचच्या लोकांनी तर १९७३ मध्ये मतदान करून भुयारी मेट्रोच नाकारली, मग शहराने पैसे घातले ट्राम आणि बसला सिग्नल लवकर हिरवा मिळावा यावर. ट्राम आली की सिग्नलला आधीच कळतं. पन्नास वर्षं जुनी युक्ती आहे आणि आजही बहुतेक शहरांत साठ माणसं घेऊन उभी असलेली बस एका माणसाच्या एसयूव्हीच्या मागे त्याच लाल दिव्याला थांबते.

तेही का, तर बस लेन काढायला किंवा सिग्नल बदलायला पैसा कमी आणि हिंमत जास्त लागते. कोणाकडून तरी जागा काढून घ्यावी लागते. पार्किंग जातं, दुकानदार मोर्चा काढतात, गाडीवाला आरडाओरडा करतो. त्यापेक्षा उडत्या टॅक्सीच्या करारावर सही करणं सोपं, फोटो छापून येतो आणि कोणीच दुखावत नाही.

ई-स्कूटरचं बघा ना. २०१७ नंतर कंपन्यांनी रातोरात फुटपाथवर आणून टाकल्या, आधी परवानगी वगैरे काही नाही, तिकडे चीनमध्ये भाड्याच्या सायकली इतक्या ओतल्या की टाकून दिलेल्या सायकलींचे डोंगर झाले. लोक वैतागले, पॅरिसमध्ये एप्रिल २०२३ मध्ये मतदान घेतलं आणि जवळपास ८९ टक्के मतं भाड्याच्या स्कूटरविरुद्ध पडली, सप्टेंबरपासून त्या बंद. मात्र मतदानाला आठ टक्केसुद्धा लोक आले नव्हते हे कोणी सांगत नाही. मला स्वतःला फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटरचा भयंकर राग येतो, पण एक प्रश्न पडतोच की एका कारच्या पार्किंगच्या जागेत या दहा-बारा स्कूटर सहज मावतात, मग ती एक जागा आखून द्यायला इतकी वर्षं का लागली? कंपन्यांचा उर्मटपणा होताच, पण शहरानेही त्यांना उभं राहायला फुटपाथच सोडला होता, रस्ता कारला देऊन झाला होता. पेडल मारायची इलेक्ट्रिक सायकल तर माझ्या मते या सगळ्या नव्या वाहनांमधली सगळ्यात कामाची वस्तू आहे, चढ चढवते, घाम काढत नाही, स्टेशनपर्यंतचे तीन-चार किलोमीटर सोडवते, आणि जागा खाते अगदी थोडी. पण सुरक्षित ट्रॅक नसेल तर शहाणा माणूस ट्रकच्या शेजारून ती चालवणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, अहो पण लोकांना बस नकोच असते. खरंय, वेळेवर न येणारी, खचाखच भरलेली, स्टॉपवर सावली नसलेली बस कोणालाच नको असते. ज्याला परवडतं तो कॅब धरतो, मग बसचं उत्पन्न घटतं, फेऱ्या कापल्या जातात, उरलेल्यांना आणखी वाट बघावी लागते, त्यातले काही दुचाकी घेतात, त्या दुचाक्यांमुळे बस आणखी अडकते. शेवटी बसमध्ये राहतात ते ज्यांच्याकडे दुसरा इलाजच नाही, आणि त्यांचा आवाज बैठकीत पोचत नाही. त्यात आता सगळं अ‍ॅपवर न्यायची घाई, स्मार्टफोन नसलेला, बॅटरी संपलेला, इंग्रजी बटणं न कळणारा माणूस तिकीटच काढू शकत नाही. रोख पैसे घेणारी खिडकी बंद करून त्याला सुधारणा म्हणायचं, हे मला पटत नाही. खर्च वाचला म्हणा सरळ.

रस्त्याच्या जागेला पैसे लावायची कल्पनासुद्धा काही नवी नाही. सिंगापूरने १९७५ मध्ये कागदी परवान्यावर सुरू केलं, १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक केलं. स्टॉकहोमने २००६ मध्ये आधी सहा-सात महिने करून दाखवलं, ट्रॅफिक साधारण २० टक्क्यांनी उतरलं, मग लोकांना मत विचारलं. सुरुवातीला विरोध करणारी माणसं फरक बघून बाजूने झाली आणि २००७ पासून ते कायम आहे. न्यूयॉर्कला हे जमायला जानेवारी २०२५ उजाडला. सगळीकडे भांडणाचं कारण एकच, लाखो लोकांकडे आधीच गाड्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की रस्ता फुकट वापरणं हा आपला हक्क.

रोबोटॅक्सीच्या, म्हणजे या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीच्या बाबतीत ती अडचण अजून तरी नाहीये. आज त्या काही हजार आहेत, मालक मोजक्या कंपन्या आहेत, प्रत्येक गाडी कुठल्या मिनिटाला कुठे होती, आत कोणी होतं की नाही, याची नोंद कंपनीकडे असतेच, नवा कॅमेरा बसवायची गरज नाही. तेव्हा नियम करायचा तर आत्ता करावा. रिकाम्या धावलेल्या प्रत्येक किलोमीटरला पैसे, गर्दीच्या तासाला जास्त, एकट्या प्रवाशाला मध्यम, चौघं असतील तर जवळजवळ माफ, आणि जमलेला पैसा थेट बसच्या फेऱ्यांना. डेटा शहराच्या ताब्यात, फक्त कंपनीच्या सर्व्हरवर नको. कंपन्या म्हणतील नवीन तंत्रज्ञानाचा गळा घोटताय. म्हणू देत. पुढे घराघरात अशी गाडी आली, मालक मतदार झाला, की हाच नियम आणायला स्टॉकहोमसारखं आधी करून दाखवायची सोयसुद्धा कोणी देणार नाही.